पाणी धरून बसलेलं झाड

मामा डोळे दाखवायला लातूरला आले की दोन दिवस आमच्याकडे मुक्काम करतात. औसा तालुक्यात त्यांची सहा एकर काळी जमीन आहे, वय सत्तरीच्या पुढे गेलंय, आणि शहरातल्या घरात त्यांचा जीव रमतो तो फक्त गॅलरीत. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले. सकाळी चहा घेऊन बाहेर बसले आणि कप रिकामा झाला तरी आत येईनात. डोकावून पाहिलं तर खुर्ची पुढे ओढून ते पोनीटेल पामच्या बुडाला हात लावून बघत होते.

ती कुंडी दहा इंची आहे. झाडाचं बूड मोठ्या कवठाएवढं फुगलेलं, साल कासवाच्या पाठीसारखी भेगाळलेली. वरच्या बारक्या मानेतून लांब, चिवट, गवतासारखी पानं निघून चारी बाजूंनी कुंडीच्या खाली लोंबतात.

"हा कांदा हाय का सुरण?"

"दोन्ही नाही, मामा. पोनीटेल पाम म्हणतात याला. नर्सरीवाले नोलिना म्हणतात. नावात पाम असलं तरी हे ताडामाडाच्या जातीचं नाही. त्या बुडात पाणी साठवतं."

"किती दिसाला घालतीस?"

"उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. थंडीत तीन आठवड्यांनी एकदा."

"आणि देतं काय?"

"फळ नाही, सावली नाही. फूलही कुंडीत क्वचितच येतं, माझ्याकडे तर कधी आलंच नाही."

मामांनी हात मागे घेतला. "दारातली तुळस घे, कढीपत्ता घे. पाणी पितात तर काहीतरी परत देतात. हे नुसतं पाणी धरून बसलंय, सावकारावानी."

माझ्या गॅलरीत बावीस कुंड्या आहेत आणि त्यातल्या पंधरा अशाच, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या झाडांच्या. मामांचा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. ज्या माणसाने बहात्तरच्या दुष्काळात विसाव्या वर्षी खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्याला झाड कशासाठी ठेवायचं हे सांगताना शोभेचं कारण पुरत नाही.

माझं कारण २०१६ मधलं आहे. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत मी भांडी विसळलेलं पाणी मोगऱ्याला आणि तांदूळ धुतलेलं गुलाबाला घालत होते, आणि पुढे पुढे तेही फरशी पुसायला वापरावं लागलं. मे संपेपर्यंत मोगरा गेला, तीन गुलाब गेले, जास्वंदीची काडी उरली. जिन्याखाली ढकलून दिलेली स्नेक प्लांटची कुंडी मात्र मी विसरूनच गेले होते. पहिला पाऊस पडल्यावर ती बाहेर काढली, तेव्हा तिला सात आठवडे पाण्याचा थेंब मिळालेला नव्हता. पानं किंचित आत वळली होती, कडांना सुरकुत्या होत्या. पण सगळी उभी होती.

हे मी मामांना सांगितलं. ते ऐकत राहिले, मग समोरच्या स्नेक प्लांटकडे बोट करून म्हणाले, "हे रातभर ऑक्सिजन देतं म्हणे. टीव्हीवर सांगायले होते. आमच्या तिकडच्या दवाखान्यातही ठेवलंय."

"नाही मामा, हे चुकीचं पसरलंय. रात्री ते हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, एवढं खरं. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. आणि खोलीत चार कुंड्या ठेवून हवा शुद्धही होत नाही. १९८९ साली अमेरिकेत नासाने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले, त्यात हे झाड होतं, तिथून ही गोष्ट निघाली. २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी तसले सगळे प्रयोग एकत्र तपासले. घरात एरवी जेवढी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला निदान दहा, कदाचित हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. खिडकी उघडावी हे सोपं."

"म्हणजे तेही देत नाही. मग ठेवतीस कशाला?"

"ते रात्री श्वास घेतं म्हणूनच ठेवते. थांबा, दाखवते."

कठड्याजवळ पानफुटी आहे. मामीला मुतखडा झाला होता तेव्हा तिच्यासाठी मीच हिची पानं दिली होती, त्यामुळे मामा तिला ओळखतात. मी एक जाड पान तोडून अर्धं केलं. "टोक चावून बघा. गिळू नका."

त्यांनी चावलं आणि डोळे बारीक केले. "आंबट हाय. चुक्यावानी."

"आता दुपारी चारला याच झाडाचं दुसरं पान देईन."

डोळ्यांच्या दवाखान्यात दोन तास गेले. जेवण, वामकुक्षी झाली. चार वाजता मी पुन्हा पान आणलं, त्यांनी चावलं, थुंकलं, आणि पानाकडे उलटसुलट करून पाहिलं.

"हे त्याच झाडाचं?"

"त्याच फांदीचं."

"आंबटपणा गेला की."

तो जातो हे दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात लक्षात आलं. बेंजामिन हायने नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात होते. त्यांनी पानफुटीची पानं सकाळी, दुपारी, संध्याकाळी चावून पाहिली. सकाळी चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ साली ते छापून आलं. त्यामागची सगळी रसायनं उलगडायला पुढे शंभरावर वर्षं लागली, पण सुरुवात झाली ती जिभेवर.

मामांना मी ते असं सांगितलं: झाडाच्या पानाला बारीक छिद्रं असतात. हवा घ्यायला ती उघडली की आतलं पाणी उडून जातं. गुलाब, मोगरा दिवसा उन्हात छिद्रं उघडतात, म्हणून त्यांना पाणी जास्त लागतं. पानफुटी, घायपात, अननस, स्नेक प्लांट ही झाडं दिवसा दारं बंद ठेवतात. रात्री गारव्यात उघडतात, हवेतला कार्बन घेतात, त्याचं आम्ल करून पानात भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर बंद दाराआड त्याचं अन्न करतात. आम्ल साठलेलं असतं तोवर पान आंबट. वापरून झालं की बेचव.

"आपल्याकडे नळाला रात्री दोनला पाणी यायचं," मी म्हटलं, "आई उठून पिंप, घागरी, पातेली सगळं भरून ठेवायची आणि दिवसभर त्यावर भागायचं. तसंच."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. "बहात्तरला फड्या निवडुंगाचे काटे भाजून तो जनावरांना घातला होता आम्ही," ते मग म्हणाले. "तो हिरवा कसा राहायचा, कळत नव्हतं. म्हणजे तोही रातीचाच."

"तोही रातीचाच."

माझ्या बाजूने एवढं मान्य करून घेतल्यावर मला थांबायला हवं होतं. पण मी बढाई मारली. "बघा मामा, बावीस कुंड्यांना मिळून मला एक बादली पुरते, तीही दहा-बारा दिवसांतून. लातुरात सगळ्यांनी अशी झाडं लावली तर किती पाणी वाचेल."

"झाडं चांगली हायेत. पण पाणी वाचवलं असं म्हणू नको. तुझ्या बादलीनं मांजरा भरत नाही."

मला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. आणि मी जे बोलायला नको होतं ते बोलले: "आणि तुमचा ऊस, मामा? दोन एकर आहे ना अजून? सुरू उसाला बारा महिने, आडसालीला अठरा महिने पाणी. शेतात दोन मीटर खोल पाणी उभं करावं, जवळपास एवढं एका पिकाला लागतं. एकराचा हिशेब केला तर ८० लाख लिटर. मिरजेहून पहिल्या दिवशी आली तशा सोळा गाड्या, फक्त एका एकराला."

गॅलरीत शांतता पसरली. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"सोळा," मामा म्हणाले. "तू हिशेब बरोबरच केला असशील. मी सहाशे फूट बोअर घेतली, ती पण तुला सांगितली नव्हती. दोन कोरड्या गेल्या, तिसरीला लागलं. बाई, तूर काढून आडतीवर नेली की भाव पडलेला. सोयाबीन नेलं की ओल जास्त हाय म्हणून कापायलेत. उसाचा भाव सरकार ठरवतं, कारखाना गाडी पाठवून उचलतो. पैसे उशिरा येतात, पण येतात. ऊस मला आवडतो म्हणून लावत नाही मी." मग पोनीटेलकडे बघून म्हणाले, "ह्या झाडाला थांबता येतं. पाऊस दोन महिने नसला तरी बसून राहील. मला थांबता येत नाही. बँकेचा हप्ता थांबत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्यांच्या दोन एकरांचा प्रश्न माझ्या बावीस कुंड्यांनी सुटत नाही, आणि कमी पाण्याची झाडं लावा असं सांगणाऱ्या आम्हा शहरी लोकांनी हे ध्यानात ठेवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कुंडीतल्या काटकसरीचं कौतुक शेतकऱ्याच्या तोंडावर करू नये. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवला आणि विषय बदलला, माझ्यासाठीच बदलला.

"ते जिन्याखालचं झाड कुठंय? सात आठवडे जगलेलं."

"मेलं, मामा. दुष्काळात नाही, पावसात मेलं."

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. सप्टेंबरमध्ये तर धो धो कोसळला, मांजरा भरली, शहराने सुटकेचा श्वास सोडला. या झाडाने एवढं सोसलं, आता याला पोटभर पिऊ दे, असं म्हणून मी ती कुंडी उघड्यावर ठेवली. नवरात्रात एक दिवस मधलं सगळ्यात उंच पान सहज धरलं तर ते हातात आलं. ओढावंसुद्धा लागलं नाही. खालचं टोक तपकिरी, लिबलिबीत, जास्त उकडलेल्या अळकुडीसारखं. दुसरं धरलं, तेही आलं. माती उकरली तर नासलेल्या भाजीचा वास आला. आतलं आडवं खोड, एरवी हळदीच्या गड्ड्यासारखं घट्ट असणारं, बोटांनी चेपलं की पाणी सुटत होतं.

"माती कोणती होती?" मामांनी लगेच विचारलं.

"तुमचीच. पोत्यात भरून आणली होती, आठवतं? काळीभोर, मला वाटलं याहून चांगली कुठली मिळणार."

"तिथंच चुकलीस." ते खुर्चीत सरळ बसले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांच्या शेतातला झाला. "काळी माती पाणी पिऊन फुगती. एकदा फुगली की आठ-आठ दिस ओल सोडत नाही. तुरीची मुळी खोल जाती, कापसाची जाती, त्यांना ती ओल पाहिजे. पण कुंडीत कुठं जाणार मुळी? चिखलात गुदमरणार. मुळीलाही हवा लागती. आणि हे झाड माळावरचं. माळावर काय असतं?"

"मुरूम."

"मुरूम. पाणी पडलं की खाली गेलं, अर्ध्या तासात पाय ठेव, चिखल लागणार नाही. ह्याला मुरमात लाव."

त्यानंतर तासभर आम्ही कुंड्या तपासल्या आणि तासभर ते माझे गुरू होते. अलीकडे मी नर्सरीतून तयार मिश्रण आणते, नारळाच्या भुशाचं, हलकं. त्यांनी त्यात बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोट बाहेर काढून मला दाखवलं. वर कोरडं, टोकाला ओल. "चार दिस झाले पाणी घालून? वरून कोरडं दिसतं म्हणून तू पुन्हा घालणार. मरणार हे." त्यांचं म्हणणं असं पडलं: मुरमाची बारीक खडी दोन घमेली, माती एक घमेलं, मूठभर जुनं शेणखत, विटांचा चुरा असला तर तोही. कुंडी मातीची, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. भोक मोठं. खालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. कुंडी झाडाच्या मापाची, मोठी नको, कारण जिथे मूळ पोचत नाही तिथली ओल कोणी पीत नाही.

यात मी माझं शिकलेलं घातलं. पोनीटेलला थेट ऊन चालतं, जेवढं जास्त तेवढं बरं. स्नेक प्लांटला मात्र लातूरचं एप्रिल-मेचं दुपारचं ऊन लागलं की पानं पांढरट भाजतात, तिला सकाळचं कोवळं ऊन किंवा सावलीतला उजेड द्यावा. पावसाळ्यात दोघींनाही छपराखाली घ्यावं. पोनीटेलचं बूड कच्च्या कवठासारखं टणक लागलं तर ठीक, किंचित सुरकुतलं तर तहान लागली आहे, मऊ लागलं तर सडतंय. सुरकुती एका पाण्याने भरून येते, सड येत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की ते पिठ्या ढेकूण, कापडाला साबणाचं पाणी लावून पुसून काढायचे. पिठ्या ढेकणाचं मामांना सांगायची गरज नव्हती, कापसावर त्यांनी तो पुष्कळ पाहिलाय.

"ते सडलेलं झाड टाकून दिलंस?"

"पानांचे वरचे भाग चांगले होते. बोट-बोट लांबीचे तुकडे कापले, पाच दिवस सावलीत सुकवले, जखम सुकू दिली, मग वाळूत खोचले. खालची बाजू खालीच ठेवावी लागते, उलटं लावलं तर मूळ फुटत नाही. तीन महिन्यांनी पिल्लं आली. पण मामा, त्या झाडाच्या पानाला पिवळा काठ होता, जरीच्या पट्टीसारखा. पिल्लं सगळी बिनकाठाची आली. नुसती हिरवी."

"दुसऱ्या झाडाचं पान मिसळलं असशील."

"नाही. तो पिवळा काठ पानाच्या एका थरातला असतो. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या भागातून, त्यात तो थर उतरत नाही. काठ हवा असेल तर हळदीसारखा गड्डा फोडूनच लावावा लागतो."

"बेण्यानं लावलं की जात राहती," मामा म्हणाले. उसाचं बेणं निवडण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नेक प्लांटच्या एका कुंडीतलं मोडलेलं पान कापून टाकायला निघाले. त्यांनी ते मागून घेतलं. टोकाकडचे तुकडे मला खोचायला ठेवले, जमिनीवर पाट ठेवला, उरलेलं पान त्यावर आडवं केलं आणि बोथट सुरीच्या पाठीने दाबत घासायला लागले. हिरवा गर बाजूला सरत गेला, पाटावर फेस आला, आणि खाली पांढरेशुभ्र, हातभर लांब धागे उघडे पडले. पाण्यात एकदा विसळून त्यांनी ते उन्हात धरले. मग धोतर वर सरकवून मांडीवर दोन पदर तळव्याने पुढे वळले, मागे वळले. चार मिनिटांत वीतभर सुतळी तयार. मला म्हणाले, "ओढ." मी दोन्ही हातांनी ओढली. तुटली नाही.

"वाखच हाय की," ते म्हणाले. "घायपाताचा निघतो तसा. बांधावर घायपात होतं तोवर आम्ही दावी विकत घेतली नाहीत."

"घायपात याच कुळातलं आहे, मामा. घायपात, पोनीटेल, हे, आणि तुमच्या मळ्यातली शतावरीसुद्धा. चारही एका कुळातली. घायपात आणि पोनीटेल दोन्ही मेक्सिकोकडची. हे पश्चिम आफ्रिकेतलं. पण याची एक बहीण आपल्या पूर्व किनाऱ्याला आहे, तिच्या वाखाच्या धनुष्याच्या दोऱ्या करायचे. मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर वैद्यांचं एकमत नाही, पण काहींच्या मते ती हीच बहीण. मूर्वेची म्हणून धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणतात. मनुस्मृतीत ब्राह्मणाच्या मुलाची मेखला मुंज गवताची सांगितली आहे आणि क्षत्रियाच्या मुलाची मूर्वेची. मुंज गवतावरून आपण मुंज म्हणायला लागलो."

मामांनी सुतळी बोटाला गुंडाळली. काल सकाळी त्यांनी विचारलं होतं, देतं काय. तो प्रश्न त्यांनी परत काढला नाही. वेगळाच काढला.

"आणि हे पोनीटेल तिकडच्या रानातून उपटून आणायलेत का इकडं?"

हा प्रश्न नर्सरीत झाड घेताना मी कितीतरी वर्षं विचारला नव्हता. पूर्व मेक्सिकोच्या कोरड्या रानांत हे झाड पाच मीटरच्या वर वाढतं, फार सावकाश वाढतं, आणि नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एक टिकलं तरी बी धरेलच असं नाही. तिथल्या रानातून रोपं आणि बी शोभेच्या बाजारासाठी इतकं ओरबाडलं गेलं, वर रानंही तोडली गेली, की २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आणावा लागला. आपल्याकडे कुंडीत दिसतात ती बहुतेक बियांपासून वाढवलेली असतात. तरी विचारावं. मोठ्या बुडाचं, खरचटलेलं जुनं झाड कोणी घाईत स्वस्तात विकत असेल तर नक्की विचारावं.

"आपल्याकडेही असंच आहे," मी म्हटलं. "जुन्नरच्या शिवनेरीकडे कड्यांवर शिवसुमन होतं. जाड खोडाचं, तपकिरी-लाल चांदणीसारख्या फुलाचं. साऱ्या जगात फक्त महाराष्ट्रातल्या काही कड्यांवर. तेही असंच पाणी धरून बसतं. ते कुंडीत हवं म्हणून कोणी कड्यावरून उपटलं तर मला सहन होणार नाही. मग मेक्सिकोतल्या माणसाला काय वाटत असेल."

"तिथलं तिथं राहू द्यावं," मामा म्हणाले. एवढ्यावर आमचं पूर्ण एकमत झालं. बाकी कशावर झालं असं मी म्हणणार नाही. दुपारी एसटीला बसवताना मी त्यांना स्नेक प्लांटचं एक पिल्लू द्यायला निघाले तर त्यांनी घेतलं नाही. दारात तुळस आहे, तेवढी पुरे, म्हणाले. पाटावर घासलेल्या धाग्यांची जुडी मात्र कागदात गुंडाळून पिशवीत ठेवून घेतली.

दहा दिवसांनी गावाकडून येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर अर्धं पोतं आलं. तोंड पांढऱ्या सुतळीने बांधलेलं, तिची गाठ मला सोडवता आली नाही, कापायचा धीर झाला नाही, शेवटी पोत्याला बाजूने चीर दिली. आत चाळलेला मुरूम होता, तांबूस, गव्हाच्या दाण्याएवढा. त्यातच कागदात बांधलेली शतावरीची चार मुळं, बोटासारखी गुबगुबीत. शतावरी पाणी मुळांत साठवते.

रविवारी पोनीटेल जुन्या कुंडीतून काढलं, मुळांचा भुसा झाडला आणि मुरमात बसवलं. पाणी चार दिवस दिलं नाही, तुटलेली मुळं सुकू दिली. पाचव्या दिवशी भरपूर घातलं, वीस सेकंदांत भोकातून खाली आलं. शतावरी कठड्याच्या उत्तर बाजूला लावली.

काल मामांचा फोन आला. सुरुवात डोळ्यांच्या थेंबांपासून झाली, मग पावसाचा अंदाज, मग म्हणाले की अर्धा एकर ऊस यंदा मोडतो आहे, तिथे करडई घेऊन बघतो, पुढचं पुढे. मी काही बोलले नाही.

"ते मोडलेल्या पानाचे तुकडे खोचले होतेस, त्याला काही फुटलं?"

"अजून नाही, मामा. एका तुकड्याच्या बुडाशी माती जरा उचललीये, एवढंच."

"काठाचं आलं तर सांग."